राहुटीपासून हजेरीपर्यंत

चैत्री पौर्णिमा जवळ आली की मुंबईतल्या कचेऱ्यांमध्ये दुपारचा डबा यायचा थांबतो. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांतून बहुतेक डबेवाले आलेले, आणि हनुमान जयंतीच्या आगेमागे तिकडे गावोगाव ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात. सुट्टी आधीच जाहीर होते, सायकली भिंतीला लागतात आणि पांढऱ्या टोप्या गावाकडे निघतात. आमच्या कचेरीत डबे आणणारे मामा यंदा म्हणाले, "ताई, दरवर्षी नुसतं विचारता, यात्रा कशी झाली म्हणून. एकदा येऊन बघा की."

मामांचं गाव राजगुरुनगरच्या पश्चिमेला, भीमेच्या खोऱ्यात. भावकीतली माणसं गोळा करून, गाडी ठरवून ते लोणावळा-चाकणच्या रस्त्याने गेले. मी मात्र कल्याणहून माळशेज घाटातून जाणारी एसटी धरली, कारण गावात पोचण्याआधी मला नारायणगावला उतरायचं होतं. पावसाळ्यात ज्या कड्यांखाली भिजायला गर्दी होते, त्यांच्यावर आता पाण्याचे काळे ओघळ तेवढे उरले होते. घाटमाथा ओलांडल्यावर ऊन बदललं, कोरडं आणि लख्ख झालं. ओतूर, आळेफाटा आणि मग पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो, उसाच्या रसाची गुऱ्हाळं आणि त्यांच्या गलक्यात तमाशाच्या राहुट्या.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्या. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात त्या वाढल्या आणि पुढे त्यांनी स्वतःच्या नावावर फड चालवला. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, उभ्या होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकीकत इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. 2002 साली त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

पाडव्याच्या सुमाराला फडमालक इथे राहुट्या ठोकतात. कापडाचं छत, एक टेबल, चार खुर्च्या, दारात कलावंतांचे फोटो असलेला फ्लेक्स. गावोगावची यात्रा कमिटी जीपमधून येते आणि एका राहुटीतून दुसरीत फिरते. मी एका राहुटीत तासभर बसले. समोर पाच जण, टोप्या, बोटांत पाकीट आवळलेलं. वग कोणता, ढोलकीला कोण, माणसं किती, गाणी नवी की जुनी, असं बारकाईने विचारणं चाललं होतं. व्यवस्थापक वही उघडून तारखांवरून बोट फिरवत होता. पौर्णिमा केव्हाच गेलेली. चैत्र वद्य अष्टमी, म्हणजे कालाष्टमी, तीही गेलेली, कारण त्या तिथीला इतक्या भैरवनाथांच्या यात्रा असतात की फड पुरत नाहीत. तोच फड कालाष्टमीला एक भाव सांगतो आणि दोन दिवसांनी बराच खाली उतरतो. शेवटी नवमीवर जमलं. नारळ, विडा, इसार, आणि सुपारी ठरली.

सुपारीचा हा भाव शहरातल्या माणसाला फार वाटेल. पण मोठ्या फडात कलावंत, वादक, बिगारी, स्वयंपाकी, गाड्यांचे चालक धरून शंभराच्या घरात माणसं असतात. त्यांना हंगामाआधी उचल द्यावी लागते आणि ती उचल फडमालक बहुतेक वेळा व्याजाने काढतो. वर्षाची बेगमी या दीड-दोन महिन्यांत व्हायची असते. 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली, तो दिवस गुढीपाडव्याचा होता. नेमक्या हंगामाच्या तोंडाशी राहुट्या उतरल्या. पुढचं वर्षही यात्रांविना गेलं. व्यवस्थापक ते सांगताना वहीकडेच पाहत होता. "ढोलकीवाले बांधकामावर गेले, बाया खुरपायला गेल्या. काही परत आलेच नाहीत," एवढं म्हणून त्याने पुढच्या गावाला खुर्च्या दिल्या.

संध्याकाळी राजगुरुनगरहून वडापच्या जीपने मी गावात पोचले. वेशीवर कमान, तिच्यावर मुंबईकर मंडळाचं नाव, कर्ण्यावर देणगीदारांची यादी. घरटी पट्टी सगळ्यांना सारखी, वर ज्याची जशी ऐपत. यादीत रक्कम लहान असो की मोठी, नाव संपूर्ण वाचलं जातं, बापाच्या नावासकट. वर्षभर मुंबईत ज्याला कुणी नावाने हाक मारत नाही, त्याचं नाव डोंगरावर आपटून परत येताना मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभिषेक, मग मांडव डहाळे. आंब्या-जांभळाच्या डहाळ्यांनी शाकारलेल्या बैलगाड्या वाजतगाजत देवळापर्यंत येतात आणि त्या डहाळ्यांनी देवाचा मांडव सजतो. उन्हाळ्याच्या ऐन तोंडावर देवाला सावली करायची, या कल्पनेने मी हरखून गेले. लेझमीत मामा पुढे. लोकलच्या गर्दीत डोक्यावर डब्यांनी भरलेली पाटी तोलणारा हा माणूस इथे हलगीच्या एका ठेक्याला इतका हलका होतो, हे मी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

दुपारी घाटात बैलगाडे. घाट म्हणजे इथे चढणीची धावपट्टी. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. एकेक बारी सेकंदांत संपते. भंडाऱ्याने आभाळ पिवळं होतं. बैलांना गोठ्यात पोरासारखं जपणारी माणसं मला भेटली, तरी धापा टाकणाऱ्या जनावराचे डोळे पाहून मी तिथे फार थांबले नाही.

घरी मामींनी मासवडीचा घाट घातला होता. जुन्नर-आंबेगाव-खेडकडचा हा खास पदार्थ. नावात मासा असला तरी तो आकारापुरताच: बेसनाच्या शिजवलेल्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं सारण भरून वळलेली वडी आणि सोबत झणझणीत काळा रस्सा. माहेरवाशिणी, जावई, मुंबईचे पाहुणे, पंगतीमागून पंगत. मामी मात्र चुलीपुढून उठल्या त्या दिवेलागणीलाच.

रात्री पालखीचा छबिना देवळाला प्रदक्षिणा घालून आला आणि शाळेच्या पटांगणात तमाशा उभा राहिला. गण झाला. गौळणीत मावशीने गावच्या सरपंचांपासून कर्णेवाल्यापर्यंत सगळ्यांना घेतलं. ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी सुरू झाली तेव्हा म्हातारे पुढे सरकले आणि पोरांनी मोबाइल खाली ठेवले. पुढे सिनेमाची गाणी आली, त्यांवर शिट्ट्याही आल्या. मला खरी ओढ होती ती वगाची. पूर्वी वग पहाटेपर्यंत चाले. आता ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा, खास परवानगीच्या दिवशी बारापर्यंत. त्यामुळे तासन्‌तास रंगणारी गोष्ट तासाभरात आवरावी लागते आणि कापली जाते ती कथाच, गाणी नाहीत. आवाजाचा त्रास मी समजू शकते. पण वर्षातून एकदा, गावाने मिळून मागितलेल्या रात्री, वग पुरता होऊ द्यावा असं मला मनापासून वाटतं. वग हरवला तर तमाशात नाचगाण्यापलीकडे काय राहील?

मध्यंतरात मामींबरोबर मी रंगमंचामागे गेले. कनातीआड पत्र्याच्या पेट्या, पेट्यांवर आरसे, एका दिव्याखाली सहा-सात जणी. गौळणीत राधा झालेली बाई पायांतले चाळ सोडत होती. चाळांचं वजन इतकं, की घोट्यांवर वळ उठले होते. मामींनी मासवडीचा डबा पुढे केला. "खाऊन घ्या बाई, गार व्हायच्या आत." ती खाता खाता बोलू लागली. तिचं गाव साताऱ्याकडचं. तिथलीही यात्रा चैत्रातच. "लग्नाच्या आधी बघितलेली. आता त्या रात्री सुपारी असतीच कुठंतरी. लेक फोनवर पाळणा दाखवते." मग थोडं थांबून मामींना हळूच विचारलं, बाहेर जायची सोय कुठे आहे. शाळेच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं. मामी काही न बोलता तिला आणि आणखी दोघींना आपल्या घरी घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे हजेरी. रात्रीचा फड दिवसाउजेडी, फार साजशृंगार न करता, गावासमोर गातो. मला ही हजेरी रात्रीच्या खेळापेक्षा अधिक आवडली. दिव्यांचा झगमगाट नाही, धूर नाही, गळा आणि ढोलकी समोरासमोर. रात्री न आलेल्या बायका सकाळी पदर सावरत ओट्यांवर बसल्या होत्या. गाणी म्हणून फडाने गाड्या भरल्या. त्या रात्री त्यांना शिरूरकडच्या एका गावी उभं राहायचं होतं.

दुपारी आखाडा. आधी रेवड्यांवरच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या जोड्या. दोन मुलींची कुस्तीही लागली आणि ती निकाली झाली तेव्हा सगळ्यात मोठा गलका झाला.

संध्याकाळी पारावर जमाखर्च. वर्गणी, लिलावाचे नारळ, मांडव, तमाशा, इनामं, पोलीस परवाना, विजेचं बिल, सगळं मोठ्याने वाचलं गेलं. शिल्लक उरली, तेव्हा कुणी कमानीला नवा रंग सुचवला, कुणी मोठा कर्णा. मामा उठले. मामींनी दुपारी त्यांच्याजवळ काढलेला विषय त्यांनी जसाच्या तसा मांडला: बोर्डामागे दोन न्हाणीघरं, दोन संडास, पाण्याची टाकी आणि किल्ली कमिटीकडे नाही, समोरच्या घरातल्या बाईकडे. थोडी कुजबुज झाली. एक जण म्हणाला, एका रात्रीसाठी एवढा खर्च? मामा म्हणाले, "आपण मुंबईत दुसऱ्याच्या जिन्यात बसून भाकर खातो ना? तिथं पाणी विचारणारा आपल्याला आठवतो का नाही?" कमिटीच्या अध्यक्षांनी वही पुढे ओढून ठराव लिहून घेतला. जागा शाळेची, म्हणून ग्रामपंचायतीची परवानगी लागणार होती. ती आणायचं काम सरपंचांवर आलं, गवंड्याचा अंदाज अक्षय्य तृतीयेच्या आत घ्यायचं ठरलं, आणि मुंबईकर मंडळाच्या वतीने पहिले पाच हजार तिथेच लिहिले गेले.