विद्येचें आवार : मुंबईंतील तीन ठिकाणें

मुलांच्या परीक्षांचे निकाल लागले म्हणजे घरोघर एकच विषय निघतो : पुढें कोठें शिकावयाचें? अभ्यासक्रम कोणता, खर्च किती, पदवीला बाजारांत मोल काय, यांचा ऊहापोह मोठ्यानें होतो. परंतु आणखी एक प्रश्न असतो, तो माजघरांतून हळू आवाजांत विचारला जातो. "जागा कशी आहे रे? पोर तेथें सुखरूप राहील ना?" या प्रश्नाला हंसण्याची हल्लीं रीत पडली आहे. आमच्या मतें तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. कित्येक घरांत अखेरचा निर्णय याच प्रश्नावर होतो. आणि तो कोणी जागेवर जाऊन तपासून पाहत नाहीं, म्हणून अनेक हुशार मुली गांवांतल्या गांवांत अडकून राहतात.

प्रश्न नवा नव्हे. महर्षि कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० सालीं तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडींत नेला. शहरांत विरोध, त्यांत प्लेगचे दिवस. तेव्हां गांवाबाहेरची जागा त्यांना बरी वाटली. तिची किंमत त्यांनीं स्वतःच्या पायांनीं दिली. फर्ग्युसन कॉलेजांत शिकवून ते रोज पायीं हिंगण्यास जात. पुढें १९१६ सालीं त्यांनीं स्थापिलेलें महिला विद्यापीठ मात्र मुंबईंत चर्चगेटसारख्या भरवस्तींत येऊन स्थिरावलें. एकाच पुरुषाच्या कार्याला माळही मानवला आणि भरवस्तीही मानवली. तेव्हां केवळ एकांत किंवा केवळ गजबज यांवरून जागेची परीक्षा होत नाहीं, हें आधींच ध्यानांत घेतलें पाहिजे.

आमच्या मिरजेच्या घरीं गेल्या पौषांत हाच विषय निघाला. पुतणीला अर्थशास्त्रांत एम. ए. करावयाचें होतें. तिच्या वडिलांचें म्हणणें, कोल्हापूरचें विद्यापीठ जवळ आहे, मुंबई कशाला? आमच्या मातोश्रींनीं तोडगा काढला : "जायचेंच तर डोंबिवलीस तिची आत्या आहे. तिच्याकडे राहावें, तेथून जावें यावें. घरचें माणूस डोळ्यांसमोर असलें म्हणजे झालें." पुतणी एवढेंच म्हणाली, "काका, आधीं पाहून तर येऊं." तेव्हां महालक्ष्मी एक्सप्रेसनें आम्ही दोघें एका सकाळीं मुंबईस उतरलों आणि चार दिवस हिंडलों. भाचा पवईस शिकत असल्यामुळें त्याचीही संस्था पाहण्यांत आली.

प्रथम फोर्ट. मुंबई विद्यापीठ १८५७ चें. त्याची ही जुनी वास्तु सर गिल्बर्ट स्कॉट यांनीं विलायतेंत बसून कागदावर काढली, ते स्वतः मुंबईस कधीं आले नाहींत. शेजारीं राजाबाई मनोरा. प्रेमचंद रायचंद यांनीं द्रव्य दिलें आणि आपल्या आईचें नांव त्यास दिलें. १८७८ सालीं २८० फूट उंचीचा हा मनोरा पुरा झाला. एका अंगास उच्च न्यायालय, समोर ओव्हल मैदान, तेथें मुलांचे क्रिकेटचे डाव चाललेले. २०१८ पासून हा सारा परिसर जागतिक वारशांत गणला जातो. येथें आवार असें फारसें नाहींच. रस्ता हेंच आवार. वकील, कारकून, चहावाले, पुस्तकें विकणारे यांच्या वर्दळींतून विद्यार्थी वाट काढतो. दिवसां या ठिकाणीं एकटें वाटणें अशक्य.

परंतु पुतणीच्या आग्रहावरून रात्रीं नऊ वाजतां आम्ही पुन्हा तेथें आलों. कचेऱ्या सुटल्या होत्या, दुकानें मिटलीं होतीं, आंतल्या गल्ल्या रिकाम्या पडल्या होत्या. आणि तेथून थोड्याच अंतरावर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेंकुरांपर्यंत सारें शहर वारा खात बसलेलें! एकाच मोहल्ल्याचे हे दोन स्वभाव दिवसां कळले नसते.

या मनोऱ्याशीं एक जुनी दुःखद हकीकत जोडलेली आहे. १८९१ च्या एप्रिलांत दोन तरुण पारशी स्त्रिया दिवसाढवळ्या मनोऱ्यावरून खालीं पडून मरण पावल्या. मोठा खटला झाला, आरोपी निर्दोष सुटला, आणि वर काय घडलें याचा उलगडा आजपर्यंत झाला नाहीं. खालीं हजारों माणसें वावरत होतीं. वरच्या जिन्यावर कोणी नव्हतें. भरवस्तींतही निर्मनुष्य कोपरा असतो, आणि संकट त्या कोपऱ्यांतच दबा धरून बसतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही चर्चगेटहून सांताक्रूझला व तेथून कालिन्यास गेलों. विद्यापीठाचे बहुतेक पदव्युत्तर विभाग आतां येथें आहेत. दोनशे एकरांहून मोठें आवार, चहूंकडे भिंत, दारावर पहारा, आंत झाडी व रुंद रस्ते. डोक्यावरून मात्र विमानें घरघरत जातात. फोर्टमधून येथें आल्यावर मनाला विसांवा वाटतो. मातोश्री बरोबर असत्या तर त्यांनीं येथेंच शिक्कामोर्तब केलें असतें. परंतु मोठ्या आवारांत, तें कोणतेंही असो, एका विभागापासून ग्रंथालयापर्यंत आणि ग्रंथालयापासून दारापर्यंत चालावें लागतें, आणि सायंकाळीं त्या वाटेवर माणूस तुरळक असतें. तेथल्या मुलींना पुतणीनें विचारलें, तेव्हां त्या सहज म्हणाल्या, "आम्ही मिळून निघतों." त्या तीन शब्दांत पुष्कळ शहाणपण आहे.

जागेचा आणखी एक धर्म कालिन्यास आठवतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशीं कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. मिठी नदी फुगली आणि कालिना, कुर्ला भागांतील वस्त्या पाण्याखालीं गेल्या. एकाच शहरांतील दोन आवारें, एकच दिवस, आणि दैव किती वेगळें! चोरदरोड्याची चौकशी आपण करतों. पाणी कोठें तुंबतें, तळमजल्यावर राहावें लागतें कीं काय, याची चौकशी कोण करतो?

तिसरें ठिकाण पवई. तंत्रविज्ञानाची ही संस्था १९५८ सालीं निघाली. एका बाजूस तलाव, पलीकडे टेंकड्या, आणि त्यांमागें संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें शंभर चौरस किलोमीटरांचें रान. तलावांत मगरी आहेत, आणि रानांतला बिबट्या कधींमधीं आवारांतही दिसतो. तो दिसला कीं रात्रीं एकट्यानें त्या बाजूस फिरकूं नये, अशी सूचना निघते. भाचा हें इतक्या सहजतेनें सांगत होता, कीं पुतणीला हंसूं आलें. ती म्हणाली, "बिबट्या बरा, तो आहे हें सर्वांना ठाऊक तरी असतें." बोलणें विनोदाचें, पण त्यांतलें तथ्य आमच्या मनांतून जाईना. ज्ञात भयाचा बंदोबस्त करतां येतो. अज्ञात भय आपण भिंतीच्या बाहेर आहे असें धरून चालतों, आणि तें कित्येकदां आंत असतें.

याचा दाखला लांबचा नाहीं. जून २०२३ मध्यें चर्नी रोडजवळच्या मुलींच्या एका वसतिगृहांत अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला. सुटीमुळें वसतिगृह बरेंचसें रिकामें होतें. संशय आला तो त्याच वसतिगृहाच्या पहारेकऱ्यावर, आणि त्याच दिवशीं त्याचें प्रेत रुळांवर सांपडलें. भिंत होती, दार होतें, पहारा होता. नव्हती ती माणसांची सोबत. जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेनें १९६१ सालच्या आपल्या ग्रंथांत शहरांविषयीं असेंच कांहीं सांगितलें आहे : रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळें नव्हे, तर तेथें सतत वावरणाऱ्या व खिडकींतून सहज पाहणाऱ्या सामान्य माणसांच्या नजरेमुळें. आपल्या जुन्या वाड्यांच्या ओट्यांना हें सांगावें लागत नव्हतें.

आतां डोंबिवलीचा तोडगा. नात्याच्या घरासारखें सुरक्षित ठिकाण नाहीं, हें खरें; पण त्या घराहून विद्यापीठापर्यंतची वाट हिशेबांत धरावी लागते. डोंबिवलीहून कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढें बस किंवा रिक्षा, आणि सायंकाळीं तोच प्रवास उलटा. कोरोनाचीं वर्षें वगळलीं तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर, मुख्यतः गाडींतून पडून वा रूळ ओलांडतांना, दर वर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें प्राणांस मुकत आलीं आहेत. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले व कांहींनीं प्राण गमावले. तें ठिकाण डोंबिवलीच्याच वाटेवर आहे. बायकांचे स्वतंत्र डबे आहेत, पश्चिम रेल्वेनें तर १९९२ सालीं केवळ स्त्रियांसाठीं स्वतंत्र गाडीही सुरू केली. परंतु गर्दीच्या वेळीं दार तें दारच. आपण भितों काळोख्या गल्लीला, आणि मुलीला रोज दोन वेळां लोटतों या गर्दींत! आम्ही परतल्यावर हें आंकडे मातोश्रींपुढें ठेवले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अस्सें असेल तर पोरीला शाळेजवळच राहूं दे. आत्याकडे रविवारीं जाईल जेवायला." पुतणीची निवड कालिन्याची झाली, आणि राहण्याची सोय तेथून पायीं दहा मिनिटांवर, इतर मुलींबरोबर.

येथें कायद्याचीही माहिती घरांतील वडील माणसांनीं ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निर्णयापासून पुढें २०१३ चा कायदा झाला, आणि त्यान्वयें प्रत्येक विद्यासंस्थेंत तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असणें बंधनकारक आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम स्पष्ट सांगतात कीं, सुरक्षिततेच्या नांवाखालीं मुलींच्या वसतिगृहांस मुलांहून वेगळे जाचक निर्बंध लावूं नयेत. हें शेवटचें कलम अनेक वडीलधाऱ्यांस रुचणार नाहीं. पण सात वाजतां दाराला कुलूप लावणारें वसतिगृह ग्रंथालयांतून साडेसातला परतणाऱ्या मुलीला रस्त्यावर उभें ठेवतें, याचाही विचार व्हावा.

म्हणून वाचकांस आमची सूचना इतकीच. माहितीपत्रकांतील चित्रें पाहून किंवा वर्तमानपत्रांतील एक बातमी वाचून निर्णय करूं नये. जागा दोनदां पाहावी, एकदां दिवसां व एकदां दिवेलागणीनंतर. वर्ग, ग्रंथालय, खोली व स्टेशन यांमधलीं अंतरें स्वतः चालून पाहावीं. पहारेकरी कोणी नेमले, सुटींत वसतिगृहांत कोण राहतें, समितीवर कोण आहे, पावसाळ्यांत पाणी कोठवर येतें, हें विचारावें. अधिकाऱ्यांपेक्षां तेथें दोन वर्षें काढलेल्या विद्यार्थ्यांस विचारावें. आणि जिला तेथें राहावयाचें आहे तिला या पाहणींत बरोबर न्यावें. कारण उद्यां त्या वाटेनें तिलाच चालावयाचें आहे, आणि वाट ओळखीची असणें हीही एक सोबतच होय.