गडचिरोली दिली तर?

वाशिम,
रविवार

चि. बाळास, मामाचे अनेक आशीर्वाद.

पीएसआयची लेखी परीक्षा आणि मैदानी चाचणी पार केलेल्या वऱ्हाडातल्या प्रत्येक पोराला नि पोरीला जो घोर लागतो, तोच तुला लागला आहे. मुलाखतीच्या पॅनेलने "गडचिरोली दिली तर जाल का?" असे विचारले तर काय सांगायचे? फोनवर हे नीट बोलणे होत नाही. शिवाय तुझी आई शेजारीच बसलेली असते.

क्लासमध्ये याचे उत्तर तयार मिळते. उमेदवार पाठ ताठ करतो आणि "सर, महाराष्ट्रात कुठेही जायची माझी तयारी आहे" असे एका दमात सांगून मोकळा होतो. पॅनेलवरची माणसे हे वाक्य दिवसभर ऐकतात. त्यांना गंमत वाटते ती पुढच्या प्रश्नात. "बरं, भामरागड कुठे आले? तिथले लोक कोणती भाषा बोलतात?" इथे कुठेही जायला निघालेला उमेदवार छताकडे पाहू लागतो.

खरे तर "जाल का?" याचा निकाल कायद्याने कधीच लावून ठेवला आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. त्याचे कलम २८ असे की, प्रत्येक पोलीस अधिकारी सदैव कामावर आहे असे मानायचे आणि त्याला राज्याच्या कोणत्याही भागात कामाला लावता येईल. या कायद्यात पोलीस अधिकारी म्हणजे दलातला कोणीही, शिपाईसुद्धा. म्हणजे वर्दी घेतली तेव्हाच होकार देऊन झाला. तरीही पॅनेल विचारते, कारण कशाला होकार देतो आहोत हे समोरच्याला ठाऊक आहे की नाही, ते त्यांना पाहायचे असते. ४० गुणांच्या मुलाखतीत एवढे ताडायला एक प्रश्न पुरतो.

शिपाई भरतीत मुलाखत नसते, म्हणून हा प्रश्न तोंडी कोणी विचारत नाही. तिथे तो अर्जातच लपलेला असतो. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, तेव्हा रिसोडच्या पोराला आधीच ठरवावे लागते की वाशिमच्या थोड्या जागांसाठी घासाघीस करायची, की मुंबई-ठाण्याचा फॉर्म भरून तिकडेच संसार मांडायचा. २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागांना १७ लाखांहून अधिक अर्ज आले, यावरून घासाघीस किती असेल याचा अंदाज येतो. मुंबईला लागलेली पोरे मग आंतरजिल्हा बदलीच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. हिंगोलीच्या राज्य राखीव दलाच्या गट १२ मध्ये गेलेल्याचे वेगळेच. घराजवळ नोकरी लागली म्हणून पेढे वाटतात, आणि कंपनी बंदोबस्ताला निघाली की ट्रंक कायम भरलेली.

पीएसआयला मात्र जिल्हा नसतो, त्याला राज्य असते. नाशिकच्या अकादमीतून बाहेर पडल्यावर आदेशात जे नाव येईल ते आपले गाव. पण किती काळ, याचाही हिशोब कायद्यात आहे, आणि तो पाठ असलेला उमेदवार मामाला अजून क्वचितच भेटला. कलम २२ न सांगते की उपनिरीक्षक ते निरीक्षक यांची सर्वसाधारण मुदत एका ठाण्यात दोन वर्षे, एका जिल्ह्यात चार, एका परिक्षेत्रात आठ. मुंबई आयुक्तालयात आठ, बाकीच्या आयुक्तालयांत सहा. वाशिम अमरावती परिक्षेत्रात येते. म्हणजे नशिबाने इकडेच पहिले पोस्टिंग मिळाले तरी आठ वर्षांनी परिक्षेत्राबाहेर बिऱ्हाड हलवण्याची तयारी ठेवायची.

ही मुदत आली कुठून, तेही सांगण्यासारखे आहे. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक राहिलेले प्रकाश सिंह निवृत्तीनंतर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला. राजकीय मर्जीने होणाऱ्या बदल्यांना आळा बसावा म्हणून किमान कार्यकाळ आणि पोलीस आस्थापना मंडळे, ही त्या निकालाची देणगी. महाराष्ट्राने ती २०१४ मध्ये आपल्या कायद्यात आणली. आता, मुदत लिहिली आहे म्हणून ती पुरी होतेच असे नाही. सार्वजनिक हित, प्रशासकीय निकड अशा कारणांनी मध्येच उचलायची सोय त्याच कलमात आहे, आणि अशा आदेशांवर भांडायला लोक मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातात. निवडणूक आली की आणखी वेगळे. आयोगाच्या सूचनेनुसार निवडणुकीच्या कामाशी संबंध येणारे अधिकारी त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात राहू देत नाहीत, शेवटच्या चार वर्षांत एकाच जिल्ह्यात तीन वर्षे भरलेल्यांनाही हलवतात. हे जाणणारी पोरगी "जाईन सर" म्हणते तेव्हा त्या दोन शब्दांना वजन येते.

आता गडचिरोली. वाशिमहून चारशेच्या आसपास किलोमीटर, आणि तिथून त्याच जिल्ह्यातले भामरागड आणखी दीड-पावणेदोनशे. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला, जसे आपले वाशिम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून. नीती आयोगाने आकांक्षित म्हणून निवडलेल्या राज्यातल्या चार जिल्ह्यांत हे दोन्ही आहेत. मागासलेपणाच्या त्या यादीत आपणही बसलेलो असताना वाशिमच्या उमेदवाराने गडचिरोलीचे नाव ऐकून नाक मुरडणे मामाला तरी पटत नाही.

धोका मात्र लपवायचा नाही. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभूळखेड्याजवळ माओवाद्यांच्या सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या नक्षलविरोधी सी-६० पथकाने काय काय सोसले हे तिकडे सेवा केलेल्या कोणालाही विचार. पण पॅनेलसमोर २०१९ वरच थांबणारा उमेदवार जुने वर्तमानपत्र वाचून आला असे वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा माओवाद्यांचा वरचा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे टाकून आला. आता तिथल्या पोलीस मदत केंद्रात जातीचा दाखला, योजनांचे अर्ज यांचीही कामे चालतात, त्या उपक्रमाला पोलीस दादालोरा खिडकी म्हणतात. भाषा म्हणशील तर मराठीखेरीज गोंडी आणि माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगालीसुद्धा. मानोऱ्याच्या तांड्यावर लहानपण गेलेला, घरी गोरमाटी नि शाळेत मराठी बोललेला उमेदवार इथे एक खरी गोष्ट सांगू शकतो: दोन भाषांत जगण्याची त्याला सवय आहे, तिसरी शिकायला तो घाबरत नाही. कुठल्या क्लासच्या वहीत हे सापडणार नाही.

आपल्याच बाजूचे उदाहरण हवे तर शिवदीप लांडे. अकोला जिल्ह्यातल्या पारस गावचा माणूस, २००६ च्या तुकडीत आयपीएस झाला आणि केडर मिळाले बिहार. पाटण्यात त्याचे नाव झाले, मध्ये काही वर्षे प्रतिनियुक्तीवर महाराष्ट्रात आला, पुन्हा बिहारला गेला आणि २०२४ मध्ये राजीनामा देऊन २०२५ ची विधानसभाही तिकडेच लढला. हरला, पण लढला तिकडे! उलट दिशेने आलेले मनोज कुमार शर्मा. चंबळच्या मुरैन्यातले, महाराष्ट्र केडरचे. त्यांच्यावरचा 'ट्वेल्थ फेल' चित्रपट तू पाहिलाच आहेस. आयपीएसमध्ये साधारण एक घरचा तर दोन बाहेरचे असे प्रमाण असते. त्या मानाने पीएसआयला निदान स्वतःच्या राज्यात राहायला मिळते.

मुलीला आणखी एक प्रश्न येतो. "लग्नानंतर काय कराल?" मुलाला तो सहसा येत नाही, आणि मामाला त्याचा राग येतो. पण पॅनेलसमोर राग कामाचा नाही. पती-पत्नी एकत्रीकरणाची विनंती नियमाने करता येते, ती मान्य होईलच असे नाही, आणि आदेश आला की आधी हजर व्हायचे, विनंती नंतर. एवढे शांतपणे सांगावे. "घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे" हे वाक्य मात्र खरे असेल तरच बोलावे, कारण "घरच्यांशी नक्की काय बोलणे झाले?" असा पुढचा प्रश्न येऊ शकतो.

आणि तुझ्या घरी ते बोलणे अजून झालेले नाही. तुझ्या आईला वाटते पोरगी फौजदार होऊन वाशिम सिटी ठाण्यात बसेल. तिला कलम २८ सांगून उपयोग नाही, भामरागड नकाशावर दाखवावे लागेल. येत्या शनिवारी मामा रिसोडला येतो आहे. तोवर तू बायोडेटा फॉर्ममध्ये काय काय लिहून दिलेस त्याची एक प्रत काढून ठेव.

तुझा,
मामा