फणसाच्या फळ्या

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा घराच्या दगडमातीच्या भिंती बसल्या. खांब-तुळयांचा सांगाडा तेवढा उभा राहिला. खाचेत बसवलेलं लाकूड हादऱ्यानं कुरकुरतं, पण लगेच सुटत नाही. माळा मात्र पार मोडला.

पावसाळ्याआधी माळा व्हायलाच पाहिजे होता. नाहीतर भात ठेवायचं कुठं? तात्यांनी परड्यातला फणस तोडून चिरून आणला. सुतारनानांनी फळीवर तळहात ठेवला.

"तात्या, वलं हाय. मधी चिपा घालून सावलीत रचा. वरीसभर हात लावू नका."

"पाऊस थांबतूय का वरीसभर?"

नाना दोन दिवस आलेच नाहीत. पण बलुत्याचं घर, नाही म्हणतील किती! तिसऱ्या दिवशी रंधा घेऊन आले. पिवळेधमक छिलके अंगणभर उडाले. आम्ही पोरं ते कानांत अडकवून हिंडत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात फळ्या आटल्या. ओलं लाकूड लांबीत फारसं आकसत नाही, रुंदीत आकसतं. बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. जेवायला बसलं की ताटात भाताचे दाणे नि धूळ. आलागेला वर बघून विचारायचा, "कुणाच्या हातचं काम?"

"नानांच्या," तात्या म्हणायचे. एवढंच. घाई आपली होती, हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आई चुलीत लाकूड उगीच जोरात सारायची. वरच्या आळीतली दोन घरं त्या साली दुसऱ्या सुताराकडं गेली.

नाना न बोलावता आले. फटींखालून पट्ट्या मारल्या. आईनं पुढं केलेलं सुपातलं धान्य घेतलं नाही.

गेल्या वर्षी स्लॅब टाकायला माळा उतरवला. नानांचा मुलगा आला होता; आता तो प्लायवूडची कपाटं करतो. पट्ट्या बघून म्हणाला, "दादा, हे आमच्या नानांचं काम न्हवं. त्यांच्या कामात फट नसायची."

"त्यांचंच आहे," मी म्हणालो. "लाकूड ओलं होतं. नाना नको म्हणत होते. आमच्या तात्यांनी ऐकलं नाही."

त्यानं फटीत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "ह्यातली एक फळी नेऊ का?"

दोघांनी मिळून ती टेम्पोत चढवली. वाळून हलकी झाली होती.