टोंगळाभर

आमच्या कारध्यात पाणी मोजायची दोन मापे आहेत. एक सरकारी. पुलाजवळ वैनगंगेची पातळी मोजतात आणि पावसाळ्यात तो आकडा सकाळच्या चहाआधी मोबाइलवर येऊन पडतो. 245.50 मीटर म्हणजे धोका. हे ऐकून माझा थोरला एकदा हबकलाच होता. "बाबा, आपली नदी अडीचशे मीटर खोल आहे?" समुद्रसपाटीपासून मोजतात, असे सांगितले, तर म्हणाला, "पण समुद्र तर आपण पाहिलाच नाही." यावर मी काय बोलणार? मीही तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पंचविशी ओलांडली होती.

दुसरे माप अंगाचे. घोटाभर, टोंगळाभर, कंबरभर, छातीभर. टोंगळा म्हणजे गुडघा. पण गुडघा म्हटले की डॉक्टर आठवतो आणि टोंगळा म्हटले की चिखल. रोवणीच्या वेळी बांधीतले, म्हणजे भाताच्या खाचरातले, पाणी याच मापाने बघतात. आणि माझी आई नातवंडेही याच मापाने मोजते. थोरला भिंत धरून पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा तिने त्याला लुगड्याशी उभे केले आणि जाहीर केले, "टोंगळ्याले आला जी पोट्टा!" वय, वजन, लसींच्या तारखा आमच्याकडे कार्डावर आहेत. आईला कार्ड लागत नाही.

खरे सांगायचे तर मलाही त्या तारखा आठवत नाहीत. पहिला दात कधी आला? ठाऊक नाही. पहिला शब्द कोणता, यावर घरात आजही भांडण आहे. उष्टावण मात्र लख्ख आठवते, कारण तांदूळ आमच्या बांधीतला, नुकताच कांडून आणलेला होता, आणि पोराने पहिला घास तोंडात धरला, विचार केला, आणि आबाजींच्या, म्हणजे त्याच्या आजोबांच्या, पांढऱ्या सदऱ्यावर परत केला.

उंचीची नोंद तेवढी मी ठेवली. मधल्या खोलीच्या चौकटीवर, दर तान्ह्या पोळ्याला, सुताराच्या जाड पेन्सिलीने एक रेघ. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तो सुरू केला, असे सांगतात. लाकडी नंदी सजवून पोरे दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. 2020 साली करोनामुळे दारोदार काही गेले नाही. पाच वर्षांच्या पोराने नंदी अंगणातच सात फेऱ्या फिरवला, सातही वेळा आमच्याच दारात बोजारा मागितला आणि सातही वेळा घेतला.

त्यानंतर दहाच दिवसांनी, ऑगस्टच्या शेवटी, पूर आला. वर मध्य प्रदेशात धुवांधार पाऊस, तिथल्या संजय सरोवर धरणाचे पाणी सोडलेले, खाली गोसेखुर्द धरणाचा फुगवटा. रात्री पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा आम्ही सामान पलंगावर ठेवत होतो. पलंग भिजला तेव्हा माळ्यावर टाकू लागलो. मग सामानाचा नाद सोडला. पोराला खांद्यावर घेतले. पाणी माझ्या टोंगळ्याला होते, तो माझे केस घट्ट धरून विचारत होता, "बाबा, माह्या कुठवर येईल?" मी म्हटले, "तू तर वर आहेस ना, तुला कशाला लागते?"

दोन दिवसांनी परत आलो. घरभर गाळ. पोराला भांडीकुंडी दिसेनात, त्याला नंदी हवा होता. नंदी स्वयंपाकघरात सापडला, ओट्यावर, तोंड खिडकीकडे करून उभा. तरंगत गेला असणार आणि उतरत्या पाण्याने त्याला तिथे अलगद ठेवला असणार. एक चाक तेवढे गेले होते. पोर हसले, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच त्याची आई रडली.

भिंतीवर गाळाची रेघ उमटली होती, माझ्या छातीशी. चौकटीवरच्या पोराच्या पाचही रेघा तिच्या खाली. पेन्सिल पाण्याने पुसली जात नाही, हे तेव्हा कळले. पुढे घर रंगवले, पण त्या चौकटीला हात लावू दिला नाही. पुराची रेघही मी तिथेच, त्याच पेन्सिलीने, काढून ठेवली. रंगाऱ्याला वाटले, राहून गेले. दोनदा ब्रश घेऊन आला.

मग पोराने स्वतःच एक परीक्षा लावून घेतली. पुराएवढा झालो की सायकलने एकट्याने पूल ओलांडून भंडाऱ्याला जाणार. कारध्याच्या पोराला भंडारा म्हणजे शाळा, बाजार, दवाखाना, सिनेमा, सगळे नदीपलीकडे. जुना लहान पूल इंग्रजांच्या काळातला, मोठा हमरस्त्याचा. दोन्हींवरून मी लहानपणी बापाला न सांगता गेलो आहे. आता बाप झाल्यावर मोठ्या पुलावरचे ट्रक मला दुप्पट मोठे दिसतात. त्यामुळे त्याच्या या अटीला मी लगेच हो म्हटले. मुदत लांबची होती.

ती यंदा संपली. तान्ह्या पोळ्याला तो चौकटीला टाच लावून उभा राहिला, त्याने टाच उचलली नाही ना, ते माझ्या आईने वाकून पाहिले, मी रेघ ओढली. पुराच्या वर दोन बोटे.

त्याच दिवशी दुपारी तो गेला. मी गच्चीवर उभा होतो, कपडे वाळत घालायच्या निमित्ताने. तासाभराने आला, हातात बहिणीसाठी चिक्की. धाकटी पुरानंतरची, तीन चाकांचा तो नंदी आता तिच्याकडे आहे. चिक्की खात ती चौकटीला जाऊन चिकटली.

तिला अजून पावणेदोन विती बाकी आहेत.