बाटलीवरचा आकडा

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालेलो, दिवसभर आकड्यांत बुडालेलो. पैशाची तफावत निघाली तर ती सापडेपर्यंत ऑफिस न सोडणारे. पण औषधाच्या बाटलीवरचा आकडा आम्ही कधी वाचला नव्हता. तो वाचायला आमच्या भाचीने शिकवले.

गेल्या मे महिन्यात आमच्या दीड वर्षाच्या पुतण्याला ताप भरला. डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉलचे सिरप लिहून दिले. पाच मिली, दिवसातून तीन वेळा. मेडिकलमध्ये गर्दी होती. काउंटरवरच्या पोऱ्याने बाटली दिली, आम्ही पैसे दिले. घरी झाकण उघडणार तोच भाची म्हणाली, "मामा, थांबा. चिठ्ठीत १२५ आहे, बाटलीवर २५०."

आम्ही म्हणालो, "औषध तेच आहे ना?"

"औषध तेच, पण ताकद दुप्पट. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम हवे, यात २५० आहे."

हिशेब तर तिसरीच्या मुलाला यावा असा. एखाद्या वेळच्या चुकीने कदाचित काही बिघडले नसते. पण रोज तीन वेळा दुप्पट औषध पोटात गेले असते. पॅरासिटॅमॉल फाजील झाले की यकृताला इजा होते. आमचे हात गार पडले. बाटली बदलून आणली.

भाचीने बारावी सायन्सची परीक्षा दिली होती आणि सुट्टीत दुसऱ्या एका मेडिकलमध्ये मदतीला जात होती. तिथल्या फार्मासिस्ट बाईंनी तिला आधी वाचायला शिकवले. ब्रँडचे नाव मोठे असले तरी खरे औषध बारीक अक्षरांत असते. क्रोसिन आणि कालपोल ही नावे दोन, आत पॅरासिटॅमॉल एकच. ते न कळून दोन्ही घेणारे पुष्कळ. चिठ्ठीतले ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. गोळ्यांची पट्टी कापताना मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राखायचा. न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात नाही. ज्या मालाची मुदत आधी संपते तो पुढे मांडायचा. काही अँटिबायोटिक आणि क्षयाच्या औषधांसाठी २०१४ पासून वेगळे रजिस्टर लागते. डॉक्टर, रोगी, औषध आणि किती दिले, सारे लिहून तीन वर्षे जपायचे. हे ऐकून आमच्यातला कारकून खूश झाला.

त्या पोऱ्याला दोष देऊन काय उपयोग? तोही आपल्यासारख्याच घरचा. त्याला कुणी शिकवलेच नव्हते. शिवाय १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. मदतनीस माल लावील, बिल करील. चिठ्ठी फार्मासिस्टच्या नजरेखालून गेलीच पाहिजे.

म्हणून आई-वडिलांना आमचे सांगणे आहे. मुलामुलींना या कामाची ओढ असेल तर त्यांना पोरे म्हणून काउंटरवरच राहू देऊ नका. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि त्यासोबत बायोलॉजी किंवा गणित असेल, तर दोन वर्षांचा डी.फार्म. करता येतो. मग ५०० तासांचे प्रत्यक्ष काम आणि राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. फी भरण्याआधी कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, ते तपासा. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर नोंदणी होत नाही, पैसे मात्र जातात.

भाचीने डी.फार्म.चा फॉर्म भरला. पहिल्या वर्षाच्या फीसाठी आम्ही सोसायटीचे कर्ज काढले. हप्ता जड जातो. पण त्या बाटलीची आठवण झाली की वाटते, आमच्या वहीतला हा एक खर्च तरी जमेच्याच बाजूला लिहावा.