शाहू स्टेडियमहून पुढे

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा ही नावे कुस्तीच्या शहराने फुटबॉल संघांना दिली आणि पेठांनी ती जपली. शिवाजी पेठेतून मी राजर्षी शाहू स्टेडियमकडे चालत गेलो, तेव्हा वाटेत चर्चा होती ती संध्याकाळच्या सामन्याची आणि परदेशी खेळाडूंची.

या मैदानावर आफ्रिकेतले, विशेषतः नायजेरियाचे खेळाडू स्थानिक संघांकडून खेळले आहेत. मायदेशी गुणी खेळाडू पुष्कळ आणि नियमित पगार देणाऱ्या जागा थोड्या, हे त्यांच्या स्थलांतराचे मुख्य कारण. दुसरे कारण म्हणजे आधी गेलेल्यांनी मळलेली वाट. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स गोव्याच्या डेंपो संघात, तर ओडाफा ओकोली चर्चिल ब्रदर्समध्ये नावारूपाला आला. दोघेही भारतीय लीगमध्ये गोलांच्या यादीत वर्षानुवर्षे आघाडीवर राहिले, आणि मागून येणाऱ्यांना भारत हा पोट भरणारा पर्याय वाटू लागला.

नव्या गावात रुळण्याची कसोटी मैदानाबाहेर अधिक असते. हंगामाच्या अखेरीचे ऊन, तिखट रस्सा, अनोळखी भाषा आणि घरच्यांची आठवण एकाच वेळी सोसावी लागते. करार थोड्या काळाचा असल्याने स्थिरावायला सवडही मिळत नाही. अशा वेळी मोठा आधार सहखेळाडूंचा. पास मागण्यापुरते शब्द लवकर येतात. जिव्हाळा मात्र एकत्र जेवण्या-राहण्यातून वाढतो.

उलट दिशेचा प्रवास पाहण्यासाठी मी पुण्याची एसटी धरली. कराड, सातारा आणि खंबाटकी घाट मागे टाकत जाणारा सुमारे 230 किलोमीटरचा हा रस्ता कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचाही आहे. 2000 साली जन्मलेला हा खेळाडू लहान वयात घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि पुढे इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावासाठी गेला. हा क्लब 2010 पासून पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे.

भारतीय खेळाडू परदेशी जातो तो पगारापेक्षा वरच्या दर्जाच्या खेळासाठी. तिथे चेंडू पायाशी ठेवायला वेळ कमी मिळतो, निर्णय लवकर घ्यावा लागतो. पण दार अरुंद आहे. अठरा वर्षांखालील खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय बदलीस फिफाचे नियम, काही अपवाद सोडता, मनाई करतात. इंग्लंडमध्ये परवाना देताना राष्ट्रीय संघाचे मानांकन आणि देशासाठी खेळलेले सामने पाहिले जातात. सुनील छेत्री 2010 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे आणि 2012 मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या दुसऱ्या संघाकडे गेला, पण दोन्हीकडे फार टिकला नाही. गुरप्रीतसिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला, संधीची वाट पाहत राहिला आणि 2016 मध्ये युरोपा लीगमध्ये खेळला.

परदेशात टिकण्यासाठी कौशल्याइतकाच धीर लागतो, आणि तो घरापासून दूर राहण्याच्या सवयीने येतो. कोल्हापूरच्या मुलाला ती सवय पुण्यातच लागते. म्हणून निवासी प्रशिक्षण, भाषेची तयारी आणि आहाराचे शिक्षण लवकर मिळाले, तर या तालमींतून निघणाऱ्या मुलांना पुढची वाट सोपी होईल. बाहेरून आलेल्या खेळाडूलाही याच गोष्टी हव्या असतात: राहायला नीट जागा, वेळेवर पैसे आणि आपले मानणारी माणसे.