मोहाचे फूल आणि सरकारी भट्टी : खानदेशातील दारूचा एक इतिहास

१.
मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. फाल्गुन-चैत्रात सातपुड्याच्या पायथ्याला झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवलेला असतो आणि उजाडण्यापूर्वीच बायका-मुले टोपल्या घेऊन तेथे पोहोचलेली असतात. या एका फुलामागे खानदेशाच्या दीडशे वर्षांच्या महसुलाचा, कायद्याचा आणि धर्मजागृतीचा इतिहास उभा आहे. आजचा धागा त्याविषयी.

२.
प्रथम माझ्याविषयी थोडे. मी जळगाव जिल्ह्यात वाढले. 'भिल्ल म्हटला की दारू आलीच' हे वाक्य मी घरात, शाळेत, एस.टी.त इतक्या वेळा ऐकले आहे, की ते कोणी एकाने उच्चारलेले वाक्य आहे असे वाटेनासेच झाले होते. इतिहासात एम.ए. करताना लक्षात आले, की अशा वाक्यांनाही जन्मतारीख असते.

३.
गेल्या चैत्रात वर्गातल्या पावरा मैत्रिणीबरोबर शिरपूर तालुक्यातील तिच्या पाड्यावर चार दिवस राहिले. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघाले की तापी ओलांडून शिरपूर लागते. पुढे पळासनेरनंतर मध्य प्रदेशाची हद्द आणि सेंधवा. पाडा या रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीत. अंगणात फुले वाळत पडलेली. ओले फूल फिकट पिवळसर व रसाळ असते. वाळले की मनुकेसारखे तांबूस होते आणि त्याच्या वजनाचा मोठा भाग निव्वळ साखरेचा असतो.

४.
त्या घरी मोहाची भाजलेली फुले खाल्ली, बियांच्या तेलातली भाजी खाल्ली. मोह हे आधी अन्न आहे. दुष्काळात ज्वारी संपली की डोंगरातल्या घरांना याच फुलाने तारले. दारू हा त्याचा एक उपयोग झाला: फुले पाण्यात भिजवून आंबवायची, मडके चुलीवर ठेवायचे आणि वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करायची. लग्न ठरले, भांडण मिटले, पेरणीआधी देव पुजला, की पहिली धार जमिनीवर पूर्वजांसाठी. माणसांची पाळी नंतर.

५.
आता कायद्याकडे वळू. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला होते. तेव्हापासूनच्या साहेबी लिखाणात भिल्लांचे मद्यप्रेम हा ठरलेला विषय आहे. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेले खानदेशचे गॅझेटिअर चाळले, तरी हा सूर कानी पडतो.

६.
पण त्याच सुमारास सरकार स्वतः काय करीत होते? १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. सॉल्ट आणि अबकारी खात्याचे कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड हे या धोरणाचे प्रमुख शिल्पकार. धोरणाचा गाभा असा: गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करायच्या, दारू मोठ्या मध्यवर्ती भट्टीत गाळायची, ठेकेदाराने ती दुकानांना पुरवायची आणि प्रत्येक गॅलनवर सरकारने कर घ्यायचा.

७.
या कायद्याने दारू बंद झाली नाही, घरची दारू बंद झाली. जी वस्तू अंगणातल्या फुलापासून बिनपैशाने होत होती, तीच आता दुकानातून, रोख पैशाने, पुष्कळदा सावकाराच्या उधारीवर घ्यावी लागली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी तर १८९२ मध्ये खुद्द मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा 'म्हौरा ॲक्ट' आला. अबकारी हा मुंबई इलाख्याच्या तिजोरीचा एक भक्कम खांब बनला. 'मद्यपी' ठरवलेल्या माणसाच्या पिण्यावर सरकार चालत होते, हा यातला विरोधाभास ध्यानात ठेवा.

८.
हे केवळ येथेच घडले असे नाही. आयर्लंडमध्ये १६६१ साली मद्यावर कर बसला आणि खेड्यातील शेतकरी घरी गाळत असलेली 'पॉचीन' ही दारू हळूहळू बेकायदा झाली. डोंगराळ भागात चोरून भट्ट्या लागत आणि अबकारीचे शिपाई त्या फोडत. दुसरीकडे, कॉर्क परगण्यातील मिडल्टन गावी १८२५ मध्ये मर्फी बंधूंनी परवान्याची मोठी भट्टी सुरू केली. तेथील जुनी वास्तू आज प्रेक्षणीय स्थळ आहे. पर्यटक तिकीट काढून तांब्याचा प्रचंड हंडा पाहतात. गावाला व्हिस्कीचा अभिमान आहे. पॉचीनला मात्र कायदेशीर विक्रीसाठी १९९७ पर्यंत थांबावे लागले.

९.
एकाच पदार्थाच्या या दोन वाटा पाहिल्या म्हणजे आपला प्रश्न स्पष्ट होतो. वारसा कोणता आणि गुन्हा कोणता, हे दारूच्या चवीवरून क्वचितच ठरले आहे. परवाना कोणाच्या हाती आहे, यावरून ते ठरत आले.

१०.
येथपर्यंत कथा सोपी आहे : सरकार दुष्ट, आदिवासी पीडित. मैत्रिणीच्या आत्याने ती सोपी राहू दिली नाही. आठवडे बाजाराला जाताना तिला विचारले, 'आत्या, फुले विकता, मग दारू का नाही काढत?' ती अहिराणीत म्हणाली, 'फूल इकं तं चालस, दारू काढी तं गुन्हा.' मग जरा थांबून तिने सांगितले, की तिच्या नवऱ्याला दारूनेच नेले. ती मोहाची नव्हती. गूळ-नवसागराची, धंद्यावरची होती. 'देवाची दारू वेगळी, धंद्याची वेगळी,' एवढेच बोलून तिने टोपली डोक्यावर घेतली.

११.
आत्याचे हे वाक्य नवे नाही. त्याला शंभर वर्षांची परंपरा आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून एक 'देवी' डोंगरातून पुढे सरकत आली. अंगात आलेली माणसे तिच्या आज्ञा सांगत : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा. डांग, दक्षिण गुजरात आणि खानदेशच्या सीमाभागात गावेच्या गावे दारूपासून दूर झाली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. तिचा फटका कोणाला बसला? दारूचे ठेकेदार, दुकानदार आणि अबकारी खाते यांना.

१२.
दुसरी लाट खास खानदेशची. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, हे आपण सर्वजण वाचतो. त्यानंतर वर्षभरातच तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराजांभोवती हजारो आदिवासी जमू लागले, हे फारसे कोणी वाचत नाही. आरती, स्वच्छता, सत्य आणि दारूत्याग ही त्यांची शिकवण. १९३८ मध्ये ते वारले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे नेले. मोरवड तेव्हा पश्चिम खानदेशात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.

१३.
योगायोग पाहा. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८३८ मध्ये, आयर्लंडच्या कॉर्क शहरात फादर मॅथ्यू यांनी मद्यत्यागाच्या शपथा देण्यास आरंभ केला होता आणि लक्षावधी आयरिश लोकांनी त्या घेतल्या. इंग्रजांच्या लेखी 'दारुडे' ठरलेल्या दोन्ही समाजांनी आपणहून प्याला खाली ठेवला. अशा त्यागाला कोणी 'सुधारणा' म्हणेल. मी त्यात मालकी पाहते : काय प्यावे, काय न प्यावे, हे आम्ही ठरवू.

१४.
घरी मोह गाळणारी बाई आणि मोरवडच्या आरतीत दारू सोडणारी बाई या परस्परांच्या विरोधक नव्हेत. दोघींनी तो निर्णय ठेकेदाराच्या हातून काढून घेतला होता. आजही महाराष्ट्रात 'आडवी बाटली'ला मत देऊन दुकान बंद पाडणाऱ्या बायका हाच अधिकार वापरतात. मात्र कायद्याने हा अधिकार पूर्णपणे कधीच दिला नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याची दुकाने पुढे पुन्हा सुरू झाली; घरचे मडके गुन्हाच राहिले. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील बंधने शिथिल केली, म्हणून आत्या निर्धास्तपणे बाजारात बसते. फूल मोकळे झाले, मडके नाही.

१५.
आणि सीमेपलीकडे? मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरासाठी मर्यादित प्रमाणात दारू काढण्याची मुभा आहे. अलीकडे अलिराजपूरला मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून बाटलीत भरली जाते. गोव्याच्या काजू-फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आत्याची धाकटी बहीण सेंधव्याकडे दिलेली आहे. तेच फूल, तीच रीत, तेच पूर्वज. घाटाच्या वर जे चालते, ते घाटाखाली चालत नाही.

१६.
म्हणून तुम्हा सर्वांना एक विनंती. जुन्या कागदांत एखाद्या जमातीविषयी 'मद्यपी', 'आळशी', 'चोर' असे विशेषण आढळले, की दोन गोष्टी अवश्य तपासा : ते लिहिणाऱ्याचे खाते कोणते आणि त्या वर्षी त्या खात्याचा महसूल कोठून येत होता. तळटीप म्हणून नव्हे, पहिला प्रश्न म्हणून.

१७.
दुसरी विनंती नंदुरबार, धुळे, जळगावच्या मित्रांना. गुला महाराजांच्या काळी जी मुले होती, ती आज नव्वदीच्या पुढे असतील. अबकारी खात्याचे अहवाल अभिलेखागारात आणखी शंभर वर्षे टिकतील. या आजी-आजोबांच्या आठवणी टिकणार नाहीत. तुमच्या पाड्यावर, गावात असे कोणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा. दारू कोणी सोडली, का सोडली, कोणी सोडली नाही आणि आरतीत काय म्हणत असत, ते त्यांच्याच बोलीत जसेच्या तसे उतरवून घ्या. मैत्रिणीने आणि मी तिच्या पाड्यापासून आरंभ केला आहे. चार दिवसांत दोन वह्या भरल्या.